गोधडीवर लिहिलेली वंशावळ

वाचकहो, तुमच्या पणजोबांचे नाव काय, असे कोणी विचारले, तर बहुतेकांना ते सांगता येईल. आठवले नाही तर शोधायलाही जागा आहे. जमिनीच्या जुन्या फेरफारात ते असते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत असते. दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांत हेळवी येतो, तो तर बैठक मारून सात पिढ्यांची नावे घडाघडा म्हणून दाखवतो.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या आईच्या आईच्या आईचे नाव काय? इथे आपण जरा थबकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारू म्हणतो, आणि विचारायला गेलो की ते माणूस नुकतेच गेलेले असते. बाईचे नाव माहेरी एक, सासरी दुसरे. जमिनीला तिचे नाव क्वचितच लागलेले. चोपडीत ती असली तर कोणाची तरी पत्नी म्हणून एका कोपऱ्यात. म्हणजे बापाची वाट कागदावर आहे आणि आईची वाट तोंडी आहे. तोंडी वाट लवकर बुजते.

ही बुजलेली वाट एका चित्रकर्त्रीने कशी शोधली, आणि शोधताना कापडाच्या तुकड्यांचा तिला कसा उपयोग झाला, ती हकिगत आज सांगायची आहे. तिचे नाव फेथ रिंगगोल्ड. ८ ऑक्टोबर १९३० रोजी ती न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्मली आणि एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, वारली. पण तिची गोष्ट तिच्या जन्मापासून सुरू करून चालणार नाही. ती गुलामगिरीच्या काळापासूनच सुरू करावी लागते.

अमेरिकेत आफ्रिकेतून माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकली जात, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या गुलामगिरीतला एक कायदा सहसा कोणी सांगत नाही, तो पहा. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली ही रीत उलटी केली. मूल स्वतंत्र की गुलाम हे यापुढे त्याच्या आईवरून ठरेल, असा कायदा तिथे झाला. वरवर पाहता यात आईचा मान वाटतो. प्रत्यक्षात हेतू निराळा होता. गुलाम बाईला मालकापासून मूल झाले तरी ते मूल गुलामच राहावे आणि मालकाच्या मत्तेत भर पडावी, ही ती सोय होती. इतर वसाहतींनीही हीच वाट धरली. आईपासून लेकीला मिळणारा वारसा म्हणजे बेडी, अशी ती व्यवस्था झाली.

या बायकांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. अमेरिकेत १८५० आणि १८६० साली खानेसुमारी झाली, तेव्हा गुलामांची यादी वेगळी केली गेली. त्यात मालकाचे नाव असे. त्याखाली एकेक ओळ: वय अमुक, स्त्री की पुरुष, रंग काळा की मिश्र. नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी नाहीच. शिवाय त्यांनी स्वतः लिहून ठेवावे, तर तीही मनाई. साउथ कॅरोलायनात १७४० सालीच गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला दंड ठरवला होता. पुढे दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी असे कायदे केले. १८६५ च्या डिसेंबरात राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली, तोवर किती पिढ्या अशा निनावी गेल्या असतील, याचा विचार करा.

पण हात मोकळे होते. म्हणजे तसे तेही मोकळे नव्हते; ते मालकाच्या कामाला जुंपलेले होते. परंतु त्या कामांतले एक काम असे होते की त्यात बाईला आपल्या मनाचे थोडे काही मांडता येई. ते काम म्हणजे गोधडी शिवणे. इंग्रजीत तिला क्विल्ट म्हणतात. वरचा पदर कापडाचे तुकडे जोडून केलेला, मध्ये कापसाचा किंवा चिंध्यांचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हींतून आरपार गेलेला धावदोरा. आपल्या घरच्या गोधडीहून फार निराळी नाही. गुलाम बायका मालकाच्या घरासाठी अशा गोधड्या शिवत, आणि उरल्यासुरल्या चिंध्यांतून आपल्या पोराबाळांसाठीही शिवत.

अशा एका बाईचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक आहे. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मली. तिने कापडाच्या आकृत्या कापून, गोधडीवर टाचून, बायबलातल्या कथा ओळीने मांडल्या. १८८६ साली अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती गोधडी ठेवली होती. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सबाई म्हणाल्या, विकायची नाही. चारपाच वर्षांनी घरी ओढग्रस्त आली, तेव्हा त्या स्वतःच गोधडी घेऊन आल्या आणि दहा डॉलर मागितले. शिक्षिकेपाशी पाचच होते. पाच डॉलरला गोधडी गेली. पण देताना पॉवर्सबाईंनी तिच्यातल्या एकेका चौकोनाचा अर्थ सांगितला आणि शिक्षिकेने तो लिहून घेतला. पुढे त्या आपली गोधडी पाहायला म्हणून अनेकदा त्या घरी जात. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाईंच्या दोनच गोधड्या आज ठाऊक आहेत; दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

शिक्षक मंडळींनी या हकिगतीतली एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोधडी टिकली हे खरेच, परंतु तिचा अर्थ टिकला तो कोणीतरी विचारला म्हणून आणि लिहून घेतला म्हणून. ज्यांचा अर्थ कोणी विचारला नाही, अशा हजारो गोधड्या झिजून, फाटून, शेवटी पोतेरे होऊन गेल्या.

तशाच अज्ञात हातांपैकी एक हात फेथ रिंगगोल्डच्या खापरपणजीचा. तिचे नाव सुसी शॅनन. ती गुलाम होती आणि मळेवाल्यांसाठी गोधड्या शिवत असे. तिने ही विद्या आपल्या लेकीला, बेट्सी बिंगहॅमला, दिली. ही बेट्सी म्हणजे फेथची पणजी. बेट्सीची नात विली पोझी, ही फेथची आई. विली लहानपणी फ्लोरिडात आजीजवळ बसून काम पाहत असे. आजी पिठाच्या रिकाम्या पिशव्या उकळून, घासून, त्यांवरचे छाप घालवून, त्या पांढऱ्याशुभ्र करी आणि गोधडीला अस्तर म्हणून लावी. एवढी एक आठवण विलीने जपली आणि लेकीला सांगितली. सुसी, बेट्सी, विली, फेथ. कागदाच्या आधाराशिवाय ही वंशावळ उभी राहिली, ती सुईदोऱ्याच्या आधाराने.

विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत दक्षिणेतली सुमारे साठ लाख कृष्णवर्णी माणसे गाव सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. विलीचे कुटुंब त्यांतलेच. हार्लेममध्ये ती कपडे बेतायला लागली, पुढे पोशाखांची नामांकित कारागीर झाली आणि आपण बेतलेल्या पोशाखांची प्रदर्शने भरवू लागली. फेथला लहानपणी दमा होता. शाळा बुडे. मग पोर अंथरुणात बसून रंगवी आणि आईने दिलेल्या कापडाच्या तुकड्यांशी खेळे. पुढे तिने जे केले त्याची पहिली शाळा ही.

मोठेपणी तिला चित्रकला शिकायची होती. १९५० साली ती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गेली, तर त्या कॉलेजच्या कलाशाखेत मुलींना प्रवेश नव्हता. शिक्षणशास्त्राच्या शाखेत मात्र होता. तेव्हा चित्रकला शिकवण्याचे शिक्षण घ्यायचे, म्हणजे चित्रकलाही शिकता येईल, अशी वाट तिने काढली. १९५५ साली पदवी घेतली आणि १९७३ पर्यंत शहरातल्या सरकारी शाळांत मुलांना चित्रकला शिकवली. दोन लेकी सांभाळून, नोकरी सांभाळून, ती रात्री चित्रे काढी. १९६३ पासून तिने गोऱ्या-काळ्यांच्या तणावाची मोठमोठी तैलचित्रे रंगवली.

पण तिची जागा कुठे होती? इथे तिची अडचण समजून घ्या. मोठ्या संग्रहालयांत कृष्णवर्णीयांना दार बंद. त्याविरुद्ध ती १९६८ साली निदर्शनांत उभी राहिली. कृष्णवर्णी चित्रकारांनी १९६३ साली हार्लेममधल्या आणि आसपासच्या मंडळींचा 'स्पायरल' नावाचा गट काढला, त्यात पंधराएक सभासदांत स्त्री एकच होती, एमा अमोस. उलट स्त्रियांच्या चळवळीत पुढे असणाऱ्या बहुतेक बायका गोऱ्या. फेथ काळी म्हणून एका घरात परकी, बाई म्हणून दुसऱ्या घरात परकी. शिवाय जी कला ती शिकली होती, ती युरोपातली. तैलरंग, ताणलेले कापड, सोनेरी चौकट. या भाषेत तिच्या आजीपणजीचा एक शब्दही नव्हता.

१९७२ साली ती ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात गेली असता तिने तिबेटी बौद्धांची 'थंका' चित्रे पाहिली. कापडावर रंगवलेली, भोवती भरजरी कापडाची किनार, आणि गुंडाळून काखोटीला मारून नेता येणारी. आपल्याकडे पट उलगडून कथा सांगणाऱ्यांना ही सोय चांगली ठाऊक आहे. फेथने घरी येऊन लाकडी चौकटी सोडून दिल्या. चित्र ती रंगवी आणि त्याभोवतीची कापडी किनार तिची आई शिवून देई. मायलेकींनी असे एकत्र काम सुरू केले. १९८० साली दोघींनी मिळून एक पुरी गोधडीच केली. तिचे नाव 'हार्लेमचे प्रतिध्वनी'. तिच्यात तुकड्यातुकड्यांत तीस चेहरे आहेत, त्यांच्या वस्तीतल्या माणसांचे. १९८१ साली विली पोझी वारली. मायलेकींची ती पहिली आणि शेवटची गोधडी ठरली.

इथे कलेच्या इतिहासातला एक मुद्दा सांगितला पाहिजे. निरनिराळे तुकडे एकत्र चिकटवून वा जोडून चित्र करण्याला कोलाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चिकटवणे. पुस्तकांत असे लिहिलेले असते की १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक या दोन चित्रकारांनी ही रीत आधुनिक चित्रकलेत आणली. पिकासोने त्या साली वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड चित्रावर चिकटवले आणि भोवती दोराची चौकट केली. ते खरेच मोठे धाडस होते. पण १९७० नंतरच्या दशकात मिरियम शपीरो आणि मेलिसा मायर या दोघी चित्रकर्त्रींनी विचारले की, बायांनो, जुने तुकडे जपून ठेवायचे, कापायचे, जोडायचे आणि त्यांतून नवी आकृती करायची, हे आपल्या आयाआज्या कितीतरी आधीपासून करीत नव्हत्या काय? मग तिला कला न म्हणता घरकाम का म्हटले गेले? फेथ रिंगगोल्डच्या कामाकडे पाहताना हा प्रश्न मनात ठेवावा. तिच्या गोधड्यांत रंगवलेले चित्र, छापील कापडाचे चौकोन, धावदोरा आणि हाताने लिहिलेला मजकूर, सगळे एकत्र येते. ते कोलाजच आहे. फक्त डिंकाच्या जागी दोरा आहे.

मजकूर म्हटले ना, तोच आता पाहू. फेथने आपले आत्मचरित्र लिहिले होते. ते कोणी प्रकाशक छापेना. तेव्हा तिने युक्ती केली. गोष्ट थेट गोधडीवरच लिहायची. गोधडी प्रदर्शनात लागली की लोक ती वाचणार. तिचे छायाचित्र छापले की गोष्टही छापली जाणार. मग कोणाची परवानगी कशाला हवी! ते आत्मचरित्र पुढे १९९५ साली प्रसिद्ध झाले, पण तोवर गोधड्यांनी तिचे म्हणणे जगभर नेले होते.

अशी पहिली गोष्टीची गोधडी १९८३ सालची. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. विषय होता 'आंट जेमायमा'. हे काय प्रकरण, ते सांगतो. १८८९ साली अमेरिकेत तयार धिरड्यांचे पीठ निघाले. त्या पिठावर डोक्याला फडके बांधलेल्या, गुबगुबीत, सदा हसऱ्या काळ्या स्वयंपाकिणीचे चित्र येऊ लागले. तीच आंट जेमायमा. दक्षिणेतले गोरे लोक वयस्क काळ्या बाईला 'श्रीमती अमुक' असे मानाने कधी म्हणत नसत, 'आंट' म्हणत. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला घरोघर 'मावशी' म्हणतात. शब्द गोड आहे. पण त्या मावशीचे नाव किती घरांत ठाऊक असते? तसेच ते.

फेथने ही पिठावरची बाई उचलली आणि तिला नाव, आडनाव, माहेर आणि वंश दिला. गोधडीवरची जेमायमा ब्लेकी नुसती मोलकरीण नाही. तिच्या आजीआजोबांनी कष्टाच्या पैशाने आपली गुलामी विकत घेऊन सोडवली होती. नातीचे नाव आजीवरून ठेवलेले. ती हार्लेममध्ये स्वतःची खाणावळ काढते, धंदा करते, पोरेबाळे वाढवते. आणि ही गोष्ट फेथने पुस्तकी इंग्रजीत लिहिली नाही. तिच्या आजीच्या पिढीतल्या बायका ओसरीवर बसून जशा बोलत, त्या बोलीत लिहिली. व्याकरणाच्या मास्तरांनी जिथे लाल रेघ मारली असती, तिथे तिने ती बोली धीटपणे तशीच ठेवली. बापाचे आडनाव आणि आईची भाषा असे आपण म्हणतो. मायबोली हा शब्दच तसा आहे. फेथच्या घरी मायबोली होती, पण ती लिहायची चीज आहे असे कोणी मानत नव्हते. तिने ती लिहिली. तिची धाकटी लेक बार्बरा पुढे भाषाशास्त्राकडे वळली आणि थोरली मिशेल लेखिका झाली, हेही सांगण्यासारखे आहे.

त्या पिठाच्या कंपनीने २०२० साली ते चित्र व नाव सोडण्याचे जाहीर केले आणि २०२१ साली नाव बदलले. फेथची गोधडी त्याच्या अडतीस वर्षे आधीची.

१९८८ साली तिने केलेली 'टार बीच' ही गोधडी सर्वांत गाजली. टार म्हणजे डांबर. हार्लेममध्ये उन्हाळ्याच्या रात्री लोक इमारतीच्या डांबर फासलेल्या गच्चीवर सतरंजी टाकून बसत. समुद्रकिनारा कुठला परवडायला, हाच आपला किनारा, असा तो विनोद. गोधडीत १९३९ सालची आठ वर्षांची कॅसी गच्चीवर पडली आहे. मोठी माणसे पत्ते खेळताहेत. समोर जॉर्ज वॉशिंग्टन पूल दिव्यांनी लखलखतो. कॅसीच्या बापाने त्या पुलावर काम केले आहे, पण काळा म्हणून कामगारसंघ त्याला सभासद करून घेत नाही. मग कॅसी उडते. पुलावरून उडते आणि म्हणते, हा पूल माझा. गुलामगिरीच्या काळापासून त्या लोकांत माणसे उडून आफ्रिकेला परत जातात अशा कथा आजीकडून नातवंडांना मिळत आल्या. त्याच कथेला फेथने नवे पंख लावले. चित्राच्या वरखाली पट्ट्यांवर गोष्ट लिहिलेली, आणि भोवती फुलाफुलांच्या कापडांचे चौकोन. १९९१ साली या गोधडीचे मुलांसाठी पुस्तक झाले. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत ते फार वाचले जाते.

१९९१ च्याच सुमारास तिने फ्रान्सविषयी एक मालिका केली. तिच्यातली नायिका हार्लेमहून पॅरिसला जाऊन चित्रकार होते. तिचे नाव विलिया मारी सिमोन. त्यातले 'विलिया' हे आईच्या नावावरून, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. एका गोधडीत ती पिकासोच्या चित्रशाळेत बसली आहे. दुसरीत आर्ल गावच्या सूर्यफुलांच्या शेतात आठ कृष्णवर्णी बायका तिच्यासोबत सूर्यफुलांची गोधडी धरून बसल्या आहेत. गुलामांना पळवून स्वातंत्र्यात नेणारी हॅरिएट टबमन त्यांत आहे. अक्षरओळख नसताना सभा गाजवणारी सोजर्नर ट्रुथ आहे. बसमधली जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स आहेत. आणि थोर चित्रकार व्हॅन गॉख हातात फुलदाणी घेऊन बाजूला, जरा संकोचून, उभा आहे. बायकांची बैठक चालू आहे, आणि तो पाहुणा आहे! २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या साऱ्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, आणि २०२३ साली पॅरिसमधल्या पिकासो संग्रहालयानेच तिची चित्रे आणि गोधड्या आपल्या भिंतींवर लावल्या.

आता एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ ठिकाणी असे सांगतात की पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांवर गुप्त खुणा शिवलेल्या असत. ही गोष्ट १९९९ च्या एका पुस्तकामुळे फार पसरली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांना तिला त्या काळातला पुरावा सापडलेला नाही. शिक्षकांनी ती वर्गात सांगितली तर कथा म्हणून सांगावी. या बायकांचा मोठेपणा दाखवायला तिची गरजही नाही. शंभर वर्षे नावावाचून राहूनही एक विद्या त्यांनी लेकीपर्यंत पोचवली, एवढे खरे आहे आणि ते पुरेसे आहे.

तुम्ही म्हणाल, ही सारी सातासमुद्रापलीकडची गोष्ट झाली. तर जरा आपल्या शेजारी बघा. उत्तर कानडा जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतल्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि तिथून निसटून ते रानात शिरले. आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांची बोली कोकणीच्या घरातली, कानडी-मराठी शब्द मिसळलेली. आणि त्यांच्या बायका गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि फेरीफेरीने आत मध्याकडे येतात. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या म्हणतात. हार्लेमच्या फेथचा आणि या बायकांचा काही संबंध नव्हता. दोन्हीकडच्या आज्यांना मात्र एकाच खंडातून, एकाच तऱ्हेने उचलून नेले होते, आणि दोन्हीकडे आईने लेकीच्या हाती दिले ते सुईदोरा आणि चिंध्या.

आणि आपल्या घरातली गोधडी, वाकळ? तिच्यात आजीच्या नऊवारीचे जुनेर असते, आजोबांचे धोतर असते, आत्याच्या लग्नातल्या चोळीचा खण असतो, पहिल्या बाळाचे झबले असते. घरच्या बाईला एकेक ठिगळ ओळखू येते. तीही एक चोपडीच आहे. वाचणारे माणूस गेले की मात्र ती चिंध्यांची होते.

आईचे नाव पुढे ठेवणे ही आपल्याकडेही काही नवी गोष्ट नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्या नावानेच ओळखला जातो, आणि त्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आजही वाचता येतो. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ साली असा निर्णय केला की ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. म्हणजे एक पिढी कागदावर आली. मागच्या पिढ्या आणायचे काम कोणताही सरकारी हुकूम करू शकत नाही. ते घरोघर आणि शाळाशाळांतून व्हायला हवे.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना एक काम सांगा. घरातली जुनी गोधडी उलगडायची, आजीजवळ बसायचे आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारायचे, हे कुणाचे? आजी सांगेल ते वहीत लिहायचे. आईची आई, तिची आई, असे जेवढे मागे जाता येईल तेवढे जायचे, आणि प्रत्येकीचे माहेरचे नाव, माहेरचे गाव टिपून घ्यायचे. ज्या मुलाच्या घरी गोधडी उरली नसेल त्याने पाटा-वरवंटा, जाते, एखादे पातेले, लुगड्याची किनार, जे असेल त्यावरून विचारावे. आजी नसेल त्याने शेजारच्या आजीला विचारावे; ती कोणाची तरी आजी आहेच.

आणि वही तपासताना एवढे करा. आजी 'पानी' म्हणाली असेल तर वहीत 'पानी'च राहू द्या. वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, कोल्हापुरी ढंगात, जशी ती बोलली तशी उतरू द्या. शुद्धलेखनाचा तास उद्या घेता येईल. तिच्या तोंडची बोली पुन्हा ऐकायला मिळेलच असे नाही.

हॅरिएट पॉवर्सची गोधडी पाच डॉलरला गेली, तरी तिचा अर्थ राहिला, कारण एका मास्तरणीने कागद पुढे ओढून तो लिहून घेतला. तुमच्या वर्गात चाळीस मुले असतील, तर चाळीस घरांतल्या आज्या आज सांगायला बसलेल्या आहेत. सुट्टी लागायच्या आत मुलांना वह्या द्या.